बाळंतपण झालं, बीपी मात्र सोबत घरी आलं

बाळंत झाली की बीपी आपोआप उतरतं, असं कुणी म्हणालं की मी आधी विचारते, कितवा दिवस? सगळं त्या दिवसावर आहे. पहिल्या दिवशी बीपी उतरलेलं दिसतं, दुसऱ्या दिवशीही बरं असतं आणि तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत ते पुन्हा चढतं. गरोदरपणात पायांत, हातांत, चेहऱ्यावर जे पाणी साठलेलं असतं ते या दिवसांत रक्तात परत येतं आणि मग लघवीवाटे बाहेर पडतं. ते बाहेर पडेपर्यंत रक्तवाहिन्यांवर भार जास्त. ज्यांना प्री-एक्लम्पसिया, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून किडनी-लिव्हरवरही ताण येणारा आजार, होता त्यांच्या वाहिन्या आधीच आखडलेल्या असतात, त्यामुळे काही जणींचं बीपी बाळंतपणाच्या आधीपेक्षाही वर जातं.

आता आपल्याकडचं वेळापत्रक बघा. सरकारी दवाखान्यात नॉर्मल बाळंतपण झालेली बाई साधारण तिसऱ्या दिवशी घरी जाते. पाचव्या दिवशी पाचवी. घरात पाहुणे, पाटा-वरवंटा पुजायचा, रात्रीचं जागरण, आणि बाळंतीण कानाला फडकं बांधून मधोमध बसलेली. बीपी सगळ्यात वर असण्याचे दिवस नेमके हेच, आणि ते मोजायला घरात मशीन नसतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात प्रसूती वॉर्डची इन्चार्ज सिस्टर होते. गोळी कोणती आणि किती, हे डॉक्टर ठरवतात, त्यात मी पडणार नाही. पण गोळी घेऊन बाई घरी गेली की पुढचे सहा आठवडे घरात काय चालतं, ते आम्हा सिस्टरांना जास्त कळतं. हे लिहिलंय ते बाळंतिणीसाठी, आणि तिच्याइतकंच तिच्या आईसाठी, सासूसाठी, नवऱ्यासाठी. कारण मांडीवर तान्हं घेतलेली बाई स्वतःचं बीपी स्वतः लक्षात ठेवून मोजेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

दवाखान्यातून निघण्याआधी

बीपी फार वाढलं असेल किंवा झटक्याची, म्हणजे फिट येण्याची, भीती असेल तर मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. ते बाळंतपणानंतरही २४ तास चालू राहतं. अंगातून गरम वाफा निघाल्यासारखं होतं, हातपाय जड पडतात, सिस्टर येऊन गुडघ्यावर हातोडी मारून बघते आणि लघवीची पिशवी मोजते. याला घाबरू नका. हे इंजेक्शन झटका येऊ नये म्हणून असतं, बीपी उतरवायचं औषध वेगळं. म्हणून 'मॅग्नेशियम संपलं, आता बरी झाली' असं धरून घरी जायची घाई करायची नाही. निदान ७२ तास दवाखान्याच्या नजरेखाली राहा. बेड नाही, घरी लहान पोर आहे, कारणं खरी असतात, तरी राहा.

डिस्चार्ज कार्ड हातात आलं की ते तिथेच उघडून वाचा. शेवटचं बीपी किती, प्लेटलेट किती, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लिव्हरची तपासणी कशी आली, मॅग्नेशियम दिलं होतं का, गोळीचं नाव, दिवसातून किती वेळा, पुन्हा कधी दाखवायचं, हे त्यावर असलं पाहिजे. नसेल तर सिस्टरला सांगून लिहून घ्या. कंटाळेल ती, पण लिहून देईल. पुन्हा दाखवायची तारीख दहा दिवसांच्या आतली हवी. 'सव्वा महिन्याने या' एवढंच सांगितलं असेल तर मधल्या काळात बीपी कोण बघणार, हे तोंडाने विचारून घ्या.

माहेरी जाणार असाल तर कार्ड तुमच्यासोबत गेलं पाहिजे. माहेरच्या गावची नर्सताई तुम्हाला ओळखत नसते, कार्ड बघितलं की तिला सगळं समजतं.

बीपी मोजायचं कसं

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. दीड-दोन हजारांत बरं मशीन येतं. शेजारी कुणाकडे असेल तर पंधरा दिवस मागून आणा, त्यात लाजायचं काय? पट्टा मात्र दंडाला बसतो का ते बघा. साधारण २२ ते ३२ सेंटिमीटर घेराच्या दंडाला नेहमीचा पट्टा चालतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्टा ओढून बांधला की बीपी नसताना वाढलेलं दिसतं आणि मग घरभर धावपळ होते.

मोजण्याआधी लघवीला जाऊन या. मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीला लावून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. खाटेवर पाय लोंबकळत ठेवून नको. दंड उघडा, हात टेबलावर किंवा उशीवर अशा उंचीला, की पट्टा छातीच्या पातळीत येईल. मोजताना बोलायचं नाही. बाळ पीत असताना मोजायचं नाही. बाळ रडत असेल तर त्याला आजीकडे देऊन दुसऱ्या खोलीत पाठवा. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा.

पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ, गोळी घेण्याआधी. पुढे दोन आठवडे पूर्ण होईपर्यंत रोज एकदा, आणि गोळ्या चालू आहेत तोवर एक-दोन दिवसाआड. वहीत तारीख, वेळ, वरचा आकडा, खालचा आकडा, गोळी घेतली का, एवढे रकाने पुरेत. ही वही नवऱ्याने ठेवावी असं मी मुद्दाम सांगते. पहिल्या महिन्यात बाप लोकांना घरात करायला काम नसतं आणि ते दारात घुटमळत असतात.

मशीन मिळालंच नाही तर? आशाताई बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते. ती येते बाळाचं वजन आणि ताप बघायला. तिला दारातच सांगा की आईला बीपीचा त्रास होता, नर्सताईला निरोप द्या. उपकेंद्रात बीपी मोजायला पैसे पडत नाहीत. पण तिच्या दोन फेऱ्यांच्या मधले दिवस मोकळे सोडू नका. चौथा-पाचवा दिवस त्यातच येतो.

आकडा आला, आता काय

१४०/९० च्या खाली असेल तर नेहमीसारखं चालू द्या. १४०/९० च्या वर पण १५०/१०० च्या आत असेल तर अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, आणि तसंच राहिलं तर डॉक्टरांना फोन करून सांगा. १५०/१०० किंवा वर असेल तर त्याच दिवशी दाखवायचं. उद्या रविवार आहे, परवा बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाणारच आहोत, असं करू नका. गोळी सुरू करायची किंवा वाढवायची वेळ ती.

१६०/११० आलं तर पंधरा मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तेवढंच असेल तर निघायचं. काही त्रास होत नसला, बाई हसतखेळत बसलेली असली, तरी निघायचं. वरचा आकडा १६० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ११० किंवा त्याहून जास्त, दोन्हीपैकी एक पुरे. इतक्या दाबाला मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. दवाखान्यात तोंडाने किंवा शिरेतून औषध देऊन तासाभरात ते सुरक्षित पातळीला आणता येतं. घरी जिभेखाली गोळी ठेवून उतरवायचा प्रयत्न करू नका. बीपी एकदम खाली आदळलं तर तेही वाईट.

उलट बाजूही आहे. दोन आठवड्यांनंतर बऱ्याच जणींचं बीपी खरोखर उतरायला लागतं आणि गोळी मात्र तेवढीच चालू असते. आकडे १३०/८० च्या खाली राहायला लागले तर वही घेऊन जा, डॉक्टर डोस कमी करतील. ११०/७० च्या खाली येऊन चक्कर येत असेल तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करा.

डोकेदुखीला कारणं शोधू नका

एक पहिलटकरीण मला आठवते. सिझर दुसरीकडे झालं होतं, पाचव्या दिवशी घरी गेली, सहाव्या दिवशी डोकं धरून बसली. घरात प्रत्येकाकडे एकेक कारण तयार होतं. आई म्हणाली झोप नाही म्हणून. सासू म्हणाली न्हाऊन डोकं नीट वाळवलं नाही, वारं लागलं. नवरा म्हणाला पाठीत भूल दिली होती ना, त्याने दुखतं. संध्याकाळी तिला डोळ्यांपुढे काजवे दिसायला लागले तेव्हा आमच्याकडे आणली. बीपी १८०/११६. मॅग्नेशियम दिलं, शिरेतून औषध दिलं, ती बरी होऊन घरी गेली. तिघांचीही कारणं अगदीच खोटी नव्हती, बाळंतिणीचं डोकं या सगळ्याने दुखू शकतंच. भुलीमुळे दुखणारं डोकं उठून बसलं की वाढतं आणि आडवं झालं की कमी होतं, हे नवऱ्याने बरोबर ऐकलं होतं. पण आधी बीपी मोजायचं आणि मग कारणावर वाद घालायचा.

डोकं जोरात दुखणं, पॅरासिटामॉल घेऊनही न थांबणं. डोळ्यांपुढे अंधारी, काजवे, धूसर दिसणं. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात, विशेषतः उजवीकडे दुखणं, ज्याला घरात पित्त म्हणून ओवा-सोडा दिला जातो. उलट्या. लघवी फार कमी होणं. चेहरा आणि हात अचानक सुजणं. आडवं पडलं की दम लागणं, उशा लावून बसावं लागणं. एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं. यातलं काहीही असेल तर आकडा कितीही येवो, दवाखान्यात जा. पायांची सूज मात्र पहिल्या आठवड्यात थोडी वाढतेच, ते अंगातलं पाणी हलल्यामुळे असतं. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर ते वेगळं, तिथे रक्ताची गाठ असू शकते, तेही दाखवा.

गरोदरपणात ज्यांना बीपी नव्हतं त्यांनाही हे बाळंतपणानंतर, सहा आठवड्यांपर्यंत, नव्याने होऊ शकतं. म्हणून 'हिला कधी बीपी नव्हतंच' हे ऐकून सोडून देऊ नका.

झटका आला तर बाईला डाव्या कुशीवर वळवा, आजूबाजूचं सामान बाजूला करा, बाळ उचलून घ्या. तोंडात चमचा, कापड, पाणी काही घालू नका. कांदा आणि चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका. १०८ ला फोन लावा आणि सांगा, 'बाळंतीण आहे, बीपी होतं, झटका आलाय.' हे तीन शब्दसमूह ऐकले की समोरच्याला कुठल्या दवाखान्यात न्यायचं ते ठरवता येतं. दवाखान्यात पोचल्यावरही पहिलं वाक्य हेच, 'अमुक दिवसांची बाळंतीण आहे.' बाळ घरी ठेवून आलात तर बाई बाळंतीण आहे हे बघून कळत नाही, आणि कॅज्युअल्टीत फिटची पेशंट म्हणून वेगळाच तपास सुरू होऊ शकतो.

गोळ्या

बहुतेक जणींना निफेडिपिन किंवा लॅबेटालॉल, किंवा दोन्ही दिलेलं असतं. काहींना अॅम्लोडिपिन किंवा एनालाप्रिल. या गोळ्या घेऊन अंगावर पाजता येतं, दुधातून फार थोडं जातं. हे मी ठासून सांगते, कारण 'बाळाला बाधेल' म्हणून गोळी बंद करणाऱ्या बायका मी गोळी विसरणाऱ्यांपेक्षा जास्त बघितल्या. बाळ दिवस पूर्ण न होता जन्मलं असेल तर तेवढं डॉक्टरांना सांगा, मग गोळी निवडताना ते तसा विचार करतात.

निफेडिपिनची हळूहळू विरघळणारी गोळी अख्खी गिळायची, चावायची नाही, तोडायची नाही. तिने सुरुवातीला चेहरा गरम होतो, थोडं डोकं दुखतं, घोटे सुजतात. डोकेदुखी गोळीची की बीपीची, याचं उत्तर मशीन देतं. लॅबेटालॉलने काहींना डोक्याच्या कातडीला मुंग्या येतात, त्याला घाबरायचं कारण नाही. दमा असेल तर मात्र लॅबेटालॉल सुरू करण्याआधी सांगायलाच हवं. गरोदरपणात मिथिलडोपा चालू असेल तर बाळंतपणानंतर डॉक्टर ती सहसा बदलतात, कारण तिने मन उदास होऊ शकतं आणि बाळंतपणानंतरचे दिवस त्या दृष्टीने आधीच नाजूक असतात. जुन्या पाकिटातली उरलेली गोळी संपवायची म्हणून घेत बसू नका.

सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या घरात असतातच. त्या बाळंतिणीला द्यायच्या नाहीत. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या अंगावर पाजणाऱ्या बाईला सहसा देत नाहीत.

बीपी वाढवणारी औषधंही असतात, आणि ती कुणी ना कुणी लिहून देतं. गर्भाशय आकसावं, अंगावरचं जाणं थांबावं म्हणून मेथर्जिनच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. बीपी असलेल्या बाईला त्या चालत नाहीत. गावात दुसऱ्या डॉक्टरकडे गेलात तर कार्ड दाखवा. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन असतं, तीही टाळा. टाके दुखत असतील तर पॅरासिटामॉल चालतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन विचारून घ्या, किडनीची तपासणी बिघडलेली किंवा प्लेटलेट कमी असतील तर ती नकोत. आणि ज्या बाईचं बाळ गेलं आहे तिला दूध आटवायला ब्रोमोक्रिप्टिनची गोळी देऊ पाहतील, ती घेण्याआधी तिचं बीपी सांगा. अशा बाईकडे आशाताईची फेरी होत नाही, शेजारणीही यायला कचरतात, आणि तिचं बीपी बघायचं सगळ्यांकडून राहून जातं. तिच्या घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावं.

स्वयंपाकघर आणि खाट

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, बाळंतशेप, यांच्यावर माझा काही राग नाही. जेवणात नेहमीइतकं मीठ घाला, वरून घेऊ नका, आणि पापड, लोणचं, खारवलेली मिरची, सुकी मासळी, फरसाण हे थोडे दिवस बाजूला ठेवा. ज्येष्ठमध मात्र खरोखर बीपी वाढवतं, अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. काढ्यात, खोकल्याच्या चूर्णात, विड्यात ते घालत असाल तर या बाईसाठी काढून टाका. बाळंतकाढ्याची बाटली विकत आणली असेल तर मागचं लेबल वाचा.

पाणी तोडायची प्रथा अजून काही घरांत आहे, पोट सुटेल म्हणून. तहान लागेल तेवढं पाणी द्या. पाणी कमी प्यायल्याने ही सूज उतरत नाही.

शेक-शेगडीबद्दल घरोघरी वेगळे नियम आहेत, मी एवढंच म्हणेन की बंद खोलीत धूर करून बसवू नका आणि गरम पाण्याने न्हाऊन उठताना कुणीतरी जवळ उभं राहा, गोळीवर असलेल्या बाईला चक्कर येते.

आणि झोप. सलग चार तास झोप मिळाली तर दुसऱ्या दिवशीच्या आकड्यात फरक दिसतो असा माझा अनुभव आहे. बाळाला पाजून झालं की ढेकर काढणं, लंगोट बदलणं, निजवणं हे दुसऱ्या कुणीही करू शकतं. पाचवीचं जागरण घरातल्या इतरांनी करावं. सटवाईला बाळंतीणच जागी हवी असा नियम मला तरी कुठे सापडलेला नाही.

सव्वा महिन्यानंतर

सहाव्या आठवड्याला बीपी आणि लघवीतलं प्रोटीन पुन्हा तपासून घ्या. बहुतेकींचं बीपी तीन महिन्यांत गोळीशिवाय ठीक होतं. तीन महिन्यांनंतरही वर राहिलं तर ते कायमचं बीपी समजून फिजिशियनकडे जावं लागतं. कॅल्शियमच्या आणि लोहाच्या गोळ्या सांगितल्या तितके महिने चालू ठेवा, बीपी उतरलं म्हणून त्या थांबवायच्या नाहीत.

पाळणा लांबवायचं साधन निवडताना माला-एन, माला-डी या गोळ्या नकोत. त्यांत इस्ट्रोजेन असतं, बीपीला आणि दुधाला दोन्हीला ते चालत नाही. तांबी चालते, आठवड्याची छाया गोळी चालते, निरोध चालतोच. अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांच्या आत नको, आणि बीपी फार जास्त असेल तर नंतरही डॉक्टरांना विचारून.

एकदा प्री-एक्लम्पसिया झालेल्या बाईला पुढे आयुष्यात हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून वर्षातून एकदा बीपी आणि साखर बघत जा. बाळाच्या वाढदिवसाच्या आठवड्यात तपासून घ्या, म्हणजे लक्षात राहतं. पुढच्या खेपेला हे पुन्हा व्हायची शक्यता साधारण सहात एक, आणि पहिलं बाळंतपण ३४ आठवड्यांच्या आत करावं लागलं असेल तर तीनात एक. दिवस राहिल्याचं कळलं की पाचव्या महिन्यापर्यंत लपवून ठेवू नका. बाराव्या आठवड्याला नाव नोंदवा आणि जुनं डिस्चार्ज कार्ड पुढे करून अॅस्पिरिनच्या छोट्या गोळीबद्दल विचारा. ती सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते.